राष्ट्रपिता, बंगबंधू, म्वालिमू : पंधरा ऑगस्टला शाळेत पदव्यांचं प्रदर्शन कसं मांडावं

विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या अखेरीस उघडतात. पुस्तकवाटप, गणवेश, पटनोंदणी यात निम्मा जुलै सरतो आणि पंधरा ऑगस्ट तोंडावर येतो. मग सगळीकडे तेच होतं. गांधीजींचा फोटो, खाली 'राष्ट्रपिता', बाजूला नेताजी, लोकमान्य, सरदार आणि लेकरांनी पाठ केलेली चार-चार ओळींची भाषणं. मी आर्वी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला इतिहास शिकवते. आमच्या व्हरांड्यात दरवर्षी देशोदेशीच्या राष्ट्रनिर्मात्यांच्या पदव्यांचं प्रदर्शन लागतं. केंद्रसंमेलनात भेटणारे शिक्षक "मॅडम, हे करता कसं?" असं विचारतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. खर्च नावाला आहे. मेहनत आहे, आणि ती बहुतेक तपासण्याची आहे.

आधी नियम सांगते, कारण सगळं त्यावरच उभं आहे. पदवी लिहायची तर ती कोणी दिली, कधी दिली आणि कशी दिली हे त्याच कार्डावर लिहायचं. कशी म्हणजे लोकांच्या तोंडून आली, एखाद्या सहकाऱ्याने जाहीरपणे दिली, की संसदेने कायदा करून दिली. हे मिळालं नाही तर त्या कार्डाची जागा भिंतीवर नाही, वहीत. सातवीतल्या एका मुलीने मला भर वर्गात विचारलं होतं, "मॅडम, त्यायले राष्ट्रपिता कोनं केलं जी?" याहून चांगला प्रश्न या विषयात नाही. आमच्या शाळेत प्रत्येक कार्डाची सुरुवात तिथूनच होते.

सुरुवात गांधीजींपासून करा

आपण वर्धा-अमरावती-यवतमाळकडचे लोक. सेवाग्राम आपल्या अंगणात आहे. गांधीजी १९३६ मध्ये शेगाव नावाच्या लहानशा खेड्यात राहायला आले. संतनगरी शेगावशी घोटाळा होऊन टपाल तिकडे जाऊ लागलं, तेव्हा १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. आश्रमात त्यांना कोणी महात्मा म्हणून हाक मारत नव्हतं. तिथे ते बापू होते आणि कस्तुरबा बा होत्या. लेकरांना हे आधी सांगा. घरात हाक मारायचं नाव, लोकांनी दिलेलं नाव आणि देशाने मानलेलं नाव अशी तीन नावं एकाच माणसाला कशी असतात, ते त्यांना लगेच कळतं. घरी पिंट्या, शाळेत प्रतीक असं त्यांचंही असतंच.

आता कार्ड. 'राष्ट्रपिता' या शब्दाखाली आमची मुलं हे लिहितात : ६ जुलै १९४४ रोजी सुभाषचंद्र बोस यांनी रंगूनहून आझाद हिंद रेडिओवर केलेल्या भाषणात गांधीजींना राष्ट्राचे पिता म्हणून संबोधलं आणि त्यांचे आशीर्वाद मागितले. एवढी ओळ लिहून थांबू नका. त्या दिवसाची परिस्थिती लेकरांसमोर मांडा. सुभाषबाबूंनी १९३९ मध्ये काँग्रेसचं अध्यक्षपद सोडलं, ते गांधीजींशी मतभेद झाल्यामुळे. एकाचा मार्ग अहिंसेचा, दुसरा फौज उभी करून इंफाळच्या आघाडीवर लढत होता. कस्तुरबा त्याच वर्षी फेब्रुवारीत आगाखान पॅलेसच्या कैदेतच वारल्या होत्या आणि गांधीजी मे महिन्यात तिथून सुटले होते. अशा वेळी, मार्ग पटत नसताना, सुभाषबाबूंनी त्यांना पिता म्हटलं. देणारा कोण होता हे कळल्यावर त्या शब्दाचं वजन वाढतं. म्हणूनच मी त्या नियमाला इतकी चिकटून असते.

पुढे ३० जानेवारी १९४८ च्या रात्री पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून देशाला बापू गेल्याची बातमी दिली, तेव्हा त्यांनीही राष्ट्रपिता हाच शब्द वापरला. तोवर तो लोकांच्या तोंडी बसला होता.

'महात्मा' या शब्दाचं कार्ड जपून करा. बहुतेक पुस्तकांत रवींद्रनाथ टागोरांनी दिलेली पदवी असं एका ओळीत असतं. पण जानेवारी १९१५ मध्ये सौराष्ट्रातल्या जेतपूरला गांधीजींना दिलेल्या मानपत्रातही महात्मा हा उल्लेख सांगितला जातो. आमच्या कार्डावर दोन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात, टागोरांमुळे हा शब्द देशभर रूढ झाला असं मानतात आणि जेतपूरच्या मानपत्राचाही दावा आहे. एखादे पाहुणे "असं दोन-दोन काय लिहिलंत?" म्हणतात. लिहू द्या लेकरांना. सातवीतल्या मुलाला इतिहासात दोन दावे असू शकतात हे कळलं, तर ते चार पाठांतरांपेक्षा मोलाचं आहे.

कायदा काय म्हणतो

हे कार्ड आमच्याकडे सगळ्यात मोठ्या अक्षरात असतं, कारण गावातली मोठी माणसं इथेच थबकतात. राष्ट्रपिता ही भारत सरकारने दिलेली पदवी नाही. २०१२ मध्ये लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात हे विचारलं होतं. गृह मंत्रालयाचं उत्तर असं की संविधानाच्या कलम १८(१) नुसार शिक्षणविषयक आणि सैन्यविषयक पदव्या सोडून दुसरा कोणताही किताब राज्याला देता येत नाही. सरकारने दिली नाही आणि तरीही कोट्यवधी लोक ती वापरतात. लोकांनी दिलेली पदवी टिकायला सरकारी कागद लागत नाही, हे त्या उत्तरावरून दिसतं.

कलम १८ कुठून आलं हे सांगायला विसरू नका. इंग्रजांच्या राज्यात रायबहादूर, खानबहादूर, रावसाहेब असे किताब वाटून माणसं आपल्या बाजूला ठेवली जात. जालियनवाला बागेनंतर १९१९ मध्ये टागोरांनी 'सर' किताब टाकला. १९२० मध्ये गांधीजींनी कैसर-ए-हिंद पदक परत केलं. आपल्या वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी असहकाराच्या काळात रायबहादुरी सोडली. वर्ध्याचं हे उदाहरण लेकरांना फार आवडतं, कारण बजाजवाडी त्यांनी पाहिलेली असते. किताब सोडून देणाऱ्यांचं राज्य आलं, तेव्हा त्यांनी किताब वाटायचंच बंद केलं.

इथे मुलं हटकून विचारतात, मग भारतरत्न काय आहे? उत्तर तयार ठेवा. भारतरत्न आणि पद्म हे सन्मान आहेत, पदव्या नाहीत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालाजी राघवन प्रकरणात स्पष्ट केलं की ते नावाच्या मागे किंवा पुढे लावायचे नाहीत. त्यामुळे आमच्या कार्डावर 'भारतरत्न अमुक' असं नसतं. खाली वेगळ्या ओळीत भारतरत्न आणि वर्ष लिहिलेलं असतं.

आणि 'डॉ.'? ते कलम १८ ला चालतं, ती शिक्षणाची पदवी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे लिहिताना मुलांना दोन्ही शब्द वेगळे करून दाखवा. 'डॉ.' कोलंबिया आणि लंडन इथल्या अभ्यासाने मिळवलेलं आहे. 'बाबासाहेब' लोकांनी प्रेमाने दिलेलं आहे. 'राज्यघटनेचे शिल्पकार' हे संविधान सभेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून केलेल्या कामातून आलेलं आहे. आमच्या गावातली अर्धी लेकरं दरवर्षी आई-वडिलांसोबत दीक्षाभूमीला जातात. हे कार्ड करण्यासाठी वर्गात चढाओढ लागते. मी ते एका मुलाला देत नाही, गट करून देते.

जवळची माणसं विसरू नका

देशाचे आणि जगाचे मोठे पुढारी लावताना आपल्या मातीतल्या पदव्या राहून जातात. म्हणून एक दोरी फक्त विदर्भाची ठेवा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आले पाहिजेत. जन्म अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा, काम मोझरीच्या गुरुकुंजातून. १९४२ च्या लढ्यात त्यांना तुरुंगवास झाला. राष्ट्रसंत हा शब्द राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी वापरला असं सांगितलं जातं. कार्डावरही 'असं सांगितलं जातं' हे शब्द ठेवा. मग बापूजी अणे. माधव श्रीहरी अणे मूळ वणीचे. १९३० च्या जुलैत पुसदला जंगल सत्याग्रह झाला, त्याचं नेतृत्व त्यांनी केलं. आपल्याकडे लोकनायक म्हटलं की जुनी माणसं अण्यांचंच नाव घेतात. उरलेला देश लोकनायक म्हणतो तो जयप्रकाश नारायण यांना. ही दोन्ही कार्डं शेजारी-शेजारी लावा. एकच पदवी दोन माणसांना, दोन प्रदेशांत, दोन काळांत मिळाली, हे पाहून मुलं बुचकळ्यात पडतात आणि मग प्रश्न विचारतात. आपल्याला तेच हवं असतं.

सरदार हा शब्द १९२८ च्या बारडोली सत्याग्रहातून वल्लभभाईंना मिळाला, शेतसारा वाढवला म्हणून शेतकरी उठले तेव्हा. आमच्याकडे कापूस-तुरीवर जगणारी घरं आहेत. त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

बाहेरचे देश कसे निवडावे

इथे बहुतेक शाळा घसरतात. इंटरनेटवर 'फादर ऑफ द नेशन' अशी भली मोठी यादी मिळते आणि ती तशीच उतरवून घेतली जाते. मग कार्डं होतात पन्नास आणि कोणालाच काही सांगता येत नाही. कमी देश घ्या, पण ज्यांच्या पदवीची हकीकत मुलाला तोंडी सांगता येईल असे घ्या. मी निवडताना एवढंच पाहते की देणारा दरवेळी वेगळा असावा.

पहिला तुर्कस्तान. मुस्तफा केमाल यांचं कार्ड शिक्षकांनी तरी स्वतः वाचावंच. त्यांचं मूळ नाव नुसतं मुस्तफा. सलोनिकाच्या सैनिकी शाळेत गणिताच्या शिक्षकांचंही नाव मुस्तफाच होतं, म्हणून त्यांनी या हुशार विद्यार्थ्याला केमाल हे दुसरं नाव दिलं. १९२१ मध्ये साकार्याच्या लढाईनंतर तिथल्या राष्ट्रीय सभेने त्यांना गाझी ही पदवी दिली. १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपी आली, देशभर प्रौढांसाठी वर्ग उघडले, आणि केमाल यांना मुख्य शिक्षक अशी पदवी मिळाली. ते स्वतः फळ्यापुढे उभे राहून नवी अक्षरं शिकवतानाचा फोटो प्रसिद्ध आहे. तो मिळवा, कार्डावर डकवा. मग १९३४. त्या वर्षी प्रत्येक तुर्की माणसाने आडनाव घ्यायचं असा कायदा झाला आणि २४ नोव्हेंबरला संसदेने खास कायदा करून त्यांना अतातुर्क, म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव दिलं. ते दुसऱ्या कोणालाही लावता येणार नाही असंही ठरवलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीचं, मकबुलेचं, आडनावसुद्धा अतादान असं वेगळं आहे. त्याच महिन्यात बे, पाशा, एफेंदी असले जुने किताब कायद्याने बंद झाले. एकाच माणसाला शिक्षकाने, सभेने आणि कायद्याने दिलेली नावं इथे एका कार्डावर येतात, म्हणून हे कार्ड दुप्पट मोठं करा.

दुसरा बांगलादेश. शेख मुजीबुर रहमान आगरतळा खटल्यातून, म्हणजे पाकिस्तान सरकारने त्यांच्यावर भरलेल्या देशद्रोहाच्या खटल्यातून, सुटले आणि दुसऱ्या दिवशी, २३ फेब्रुवारी १९६९ ला, ढाक्याच्या रेसकोर्स मैदानात लाखोंची सभा झाली. तिथे विद्यार्थी नेते तोफैल अहमद यांनी त्यांना बंगबंधू ही पदवी जाहीर केली. देणारे विद्यार्थी होते, हे मुलांना जोर देऊन सांगा. देश व्हायला तेव्हा दोन वर्षं बाकी होती. राष्ट्रपिता म्हणून त्यांचा उल्लेख तिथल्या संविधानात २०११ च्या दुरुस्तीने आला. मुजीब यांची हत्या झाली ती १५ ऑगस्ट १९७५ ला. आपल्या झेंडावंदनाच्या दिवशी हे कार्ड वाचणाऱ्या मुलाने तारीख सांगितली की ऐकणारे सावध होतात. पुढची ओळही लिहायला कचरू नका : ऑगस्ट २०२४ मध्ये तिथलं सरकार पडलं, तेव्हा मुजीब यांचे पुतळे फोडले गेले. संविधानात लिहिलेली पदवीसुद्धा लोकांमधल्या वादातून सुटत नाही, हे मुलांना कळायला हवं.

तिसरा टांझानिया, आणि हा माझा सगळ्यात लाडका. ज्युलियस न्येरेरे यांना तिथे म्वालिमू म्हणतात, म्हणजे गुरुजी. ते खरोखरच शिक्षक होते. दार-एस-सलामजवळच्या पुगू इथे शिकवायचे. १९५५ मध्ये शाळा की राजकारण असं निवडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. १९६१ मध्ये देश स्वतंत्र झाला, ते पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि लोक शेवटपर्यंत म्वालिमूच म्हणत राहिले. शेक्सपिअरची नाटकं त्यांनी स्वाहिलीत आणली. १९८५ मध्ये स्वतःहून पद सोडलं. आमच्या शाळेत हे कार्ड नेहमी मुख्याध्यापकांच्या दारासमोर लागतं. गावातले आजोबा येऊन त्याच्यापुढे उभे राहतात आणि म्हणतात, "गुरुजी होते म्हणा ना." त्या वयाच्या माणसांच्या तोंडी 'गुरुजी' शब्दात किती मान असतो, ते खेड्यात नोकरी केलेल्यालाच कळेल.

केनियाचे जोमो केन्याटा यांना म्झे म्हणत, म्हणजे वडीलधारा माणूस. व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह बाक हो, म्हणजे हो काका. इंडोनेशियाचे सुकर्णो बुंग कार्नो, यात बुंग म्हणजे भाऊ. आपल्याकडे पंजाबराव देशमुखांना भाऊसाहेब म्हणतात, त्यांच्या शेजारी हे तिन्ही लावले तरी चालतं. यांची कार्डं लहान ठेवा.

दक्षिण आफ्रिकेच्या मंडेलांचं मदिबा हे नाव त्यांच्या कुळाचं आहे. मुलं त्याला पदवी समजतात. कुळाच्या नावाने हाक मारणं हाच तिथे आदर आहे, एवढं लिहा. आणि नेल्सन हे नाव त्यांना शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी दिलं होतं, हेही लिहा.

अमेरिकेचं कार्ड उलट्या गोष्टीसाठी घ्या. जॉर्ज वॉशिंग्टन यांना देशाचे पिता म्हणतात हे खरं, पण रंगत १७८९ मध्ये आहे. नव्या राष्ट्राध्यक्षांना काय म्हणायचं यावर तिथे महिनाभर खल चालला. सिनेटच्या समितीने 'हिज हायनेस' पासून सुरू होणारी आणि स्वातंत्र्याचे रक्षक असं शेपूट असलेली लांबलचक पदवी सुचवली. दुसऱ्या सभागृहाने ती नाकारली आणि साधं 'प्रेसिडेंट' राहिलं. आपल्या कलम १८ च्या कार्डाशेजारी हे फार शोभतं.

नामिबियात २००५ मध्ये संसदेने कायदा करून सॅम नुजोमा यांना राष्ट्राचे संस्थापक पिता हा दर्जा दिला. सन यत-सेन यांना राष्ट्रपिता ही पदवी चीनच्या तेव्हाच्या सरकारने १९४० मध्ये दिली, त्यांच्या मृत्यूला पंधरा वर्षं झाल्यावर. दक्षिण अमेरिकेत सिमोन बोलिव्हार यांना काराकासमध्ये १८१३ साली 'मुक्तिदाता' ही पदवी मिळाली आणि पुढे एका अख्ख्या देशाला, बोलिव्हियाला, त्यांचं नाव लागलं.

एक कार्ड धडा म्हणून असावं. तुर्कमेनिस्तानचे सपरमुरात नियाझोव्ह यांनी तुर्कमेनबाशी, म्हणजे तुर्कमेनांचा प्रमुख, ही पदवी लावली. संसद त्यांच्याच मुठीत होती. २००२ मध्ये त्यांनी जानेवारी महिन्याला स्वतःचं आणि एप्रिलला आईचं नाव दिलं. राजधानीत त्यांचा सोनेरी पुतळा सूर्याच्या दिशेने फिरत असे. ते २००६ मध्ये वारले आणि २००८ मध्ये महिन्यांची जुनी नावं परत आली. आमचे विद्यार्थी या कार्डावर 'कोणी दिली' या रकान्यात थोडा वेळ थांबतात आणि मग आपसांत चर्चा करून लिहितात. तिथे तुम्ही उत्तर सांगू नका.

पाकिस्तानचं कार्ड लावायचं का

हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी काढतंच, शाळा व्यवस्थापन समितीतही निघतो. माझं मत स्पष्ट आहे. राष्ट्रनिर्मात्यांचं प्रदर्शन असेल तर मोहम्मद अली जिना यांचं कार्ड असावं, आणि त्यावर तथ्य असावं. कायद-ए-आझम म्हणजे महान नेता, हा शब्द मुस्लिम लीगच्या लोकांत आधीपासून रूढ होता. १२ ऑगस्ट १९४७ ला पाकिस्तानच्या संविधान सभेने ठराव करून तो अधिकृत केला. सप्टेंबर १९४४ च्या बोलण्यांच्या वेळी खुद्द गांधीजींनी जिनांना लिहिलेल्या पत्रांत कायद-ए-आझम असंच संबोधन आहे. हे वाक्य कार्डावर मोठ्या अक्षरात घ्या. फाळणी गांधीजींना मान्य नव्हती, तरी समोरच्या माणसाला त्याच्या लोकांनी दिलेल्या नावाने हाक मारायला त्यांना जड गेलं नाही. समितीच्या बैठकीत मी एवढंच वाचून दाखवते, पुढे वाद लांबत नाही. फातिमा जिना यांना मादर-ए-मिल्लत म्हणतात, तेही खाली एका ओळीत जोडा. नाहीतर सगळी भिंत पुरुषांचीच होते. मुली ते लगेच दाखवून देतात.

तपासायचं कसं

व्हॉट्सॲपवर आलेलं काहीही चालत नाही, हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगा. मराठी विश्वकोश मोबाईलवर फुकट वाचता येतो. आमच्याकडे रेंज शाळेच्या मागच्या लिंबाखालीच येते, तर तिथे बसून वाचतो. तालुक्याच्या वाचनालयात विश्वकोशाचे छापील खंड मिळतात. बाबासाहेबांसाठी महाराष्ट्र शासनाने काढलेले भाषणं आणि लेखनाचे खंड आहेत, गांधीजींसाठी समग्र वाङ्मय आहे. सेवाग्रामची सहल निघणार असेल तर मुलांकडून प्रश्न आधीच लिहून घ्या. तिथली माणसं आपुलकीने उत्तर देतात. एक तारीख दोन वेगळ्या ठिकाणी जुळली तरच ती शाईने लिहायची. तोवर पेन्सिल. एकाच पुस्तकातून उतरवलेल्या दोन वेबसाइटी म्हणजे दोन ठिकाणं नव्हेत, हे मोठ्या मुलांना समजावा.

बनवायचं आणि टांगायचं

ऑगस्टात आपल्याकडे भिंती ओल्या असतात. कागद भिंतीला चिकटवला की दुसऱ्या दिवशी सुटून खाली येतो, खळ लावली तर उंदीर-झुरळं खातात. म्हणून व्हरांड्याच्या खांबांना सुतळी बांधा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी कार्डं टांगा. कापड दुकानातून साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे मागून आणा, ते नाही म्हणत नाहीत. पुठ्ठ्यावर पांढरा कागद, त्यावर अक्षरं मेणखडूने. दमट हवेत स्केचपेनची शाई पसरते आणि मुलाची मेहनत वाया जाते. अक्षर दोन बोटांएवढं जाड हवं, म्हाताऱ्या माणसालाही चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. वाऱ्याने कार्ड उलटू नये म्हणून खालच्या कडेला चिंचोके चिकटवतो.

विदर्भाची दोरी सोडली तर बाकीच्या दोऱ्या देशांप्रमाणे लावू नका, देणाऱ्याप्रमाणे लावा. एक दोरी लोकांनी दिलेल्या पदव्यांची, एक सहकाऱ्याने किंवा विरोधकाने दिलेल्यांची, एक संसदेने दिलेल्यांची, एक स्वतः घेतलेल्यांची. काही कार्डं दोन दोऱ्यांवर बसतात. अतातुर्कांचं मध्ये टांगा आणि दोन्हीकडे सुतळी ओढा. मुलंच भांडून ठरवतात कोणाचं कुठे, आणि त्या भांडणातच ती खरं शिकतात.

बोलायचं कसं

प्रत्येक कार्डापाशी ते करणारं लेकरू उभं करा. पाठांतर नको. तिसरी-चौथीच्या मुलांना फक्त पदवी आणि देणारा एवढंच सांगू द्या. सातवीच्यांना त्या दिवसाची हकीकत सांगायला लावा. उच्चार आदल्या आठवड्यात रोज परिपाठाला घ्या. 'म्वालिमू' आणि 'म्झे' म्हणताना मुलं हसतात. दोन दिवस हसू द्या, तिसऱ्या दिवशी नीट म्हणतात. लेकरू वऱ्हाडीत बोललं तर थांबवू नका. "त्यायले हे नाव पोट्ट्यायनं देल्लं होतं, कालेजातल्या," असं बंगबंधूंबद्दल एका मुलाने सांगितलं, तेव्हा मागे उभ्या शेतमजूर बायांना ते पहिल्यांदा नीट कळलं.

कोणी असा प्रश्न विचारला की उत्तर येत नाही, तर मुलाने "शोधून सांगतो जी" म्हणायचं आणि प्रश्न वहीत लिहायचा. ही वही शाळेत ठेवा. पुढच्या जुलैला नवी सातवी तिथूनच काम सुरू करते.

झेंडावंदन, प्रभातफेरी, खाऊवाटप झालं की व्हरांडा दुपारपर्यंत उघडा ठेवा. त्या दिवशी वावरात जाणारी माणसं सकाळी येऊ शकत नाहीत, ती जेवणाच्या वेळेला डोकावतात. संध्याकाळी कार्डं उतरवून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि पेटीत घालून वरच्या फळीवर ठेवा. खाली ओल लागते. पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका. गांधीजी, बाबासाहेब आणि कलम १८ ही कार्डं वेगळी बांधून ठेवा, ती २ ऑक्टोबरला, २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनाला आणि २६ जानेवारीला पुन्हा लागतात.